मंद घड्याळ

मुलगा लिस्बनहून फोन करतो.
शनिवारी त्याचं भाषण आहे, कंपनीतल्या नव्या मॅनेजरांपुढे.
म्हणतो, आई, तुमच्या त्या वालादासबद्दल सांग ना,
काय होतं त्याचं गुपित?

गुपित.
मी गॅस बारीक करते.

अदेरितो, माणूस चिक्कू होता, हे आधी लिहून घे.
सुतळीचा तुकडा न तुकडा गुंडाळून खिशात ठेवायचा.
रविवारी चर्चमध्ये घोरायचा.
चिडला की टोपी जमिनीवर आपटायचा
आणि मग स्वतःच वाकून उचलायचा.

ओल्यांवला तेव्हा प्रत्येक कारखान्याचा भोंगा वेगळा.
होड्या लागल्या की रात्री दोनलासुद्धा व्हायचा,
आणि आम्ही बायका झोपेतच ओळखायचो,
हा आपला, हा शेजारचा.
शाल ओढून, पोरं म्हातारीच्या हवाली करून
सार्डिनची डोकी खुडायला धावायचो.
शेजारच्या कारखान्यातलं घड्याळ
संध्याकाळी मंद व्हायचं.
सहा वाजायला त्याला सव्वासहा लागायचे.
ठाऊक सगळ्यांना, बोलायचं कुणी नाही.
मापात पाप फक्त तराजूतच असतं असं थोडंच आहे.

तर, तेलाची गोष्ट.
त्या साली ऑलिव्हचं तेल आलं, नऊ पिंपं,
रंग सोन्यासारखा आणि भाव रंगाहून गोड.
डबे भरले, झाकणं बसली,
सहाशे पेट्या खिळे ठोकून तयार, जहाज धक्क्याला.
आणि हा बाबा दुपारी
आपल्याच मालातला एक डबा फोडून पावासोबत खात बसला.
थांबला.
बोट बुडवून पुन्हा चाखलं.
विष नव्हतं रे, नुसतं कसल्याशा बियांचं स्वस्त तेल.
हॅम्बुर्गच्या जिभेला जन्मात कळलं नसतं.

बँकेला नाही, व्यापाऱ्याला नाही,
त्यानं पहिल्यांदा आम्हाला सांगितलं.
टेबलाच्या टोकाशी उभा, टोपी हातात.
डब्यावर लिहिलंय ते डब्यात नाही.
माल उतरवून घेतोय.
तीन आठवडे पगार होणार नाही.

टाळ्या? कुणी वाजवल्या नाहीत.
तुझ्या आजीनं भर कारखान्यात त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या.
पुण्य तुझं, म्हणाली, आणि उपास आमच्या पोरांना?
त्याच्याजवळ उत्तर नव्हतं.
हेही लिहून घे. उत्तर नव्हतं,
आणि त्यानं ते बनवूनही दिलं नाही.

सोमवारी त्याची मोटार दिसली नाही.
शुक्रवारी अर्धा पगार झाला.
उरलेला ईस्टरच्या आदल्या दिवशी, सुट्या नाण्यांत,
त्यातही दोन नाणी कमी भरली म्हणून
रात्री आमचं दार वाजवलं त्यानं.

मधले दिवस तो आमच्याच बाकावर बसून
डब्यांवरची लेबलं खरवडायचा.
काय ते हात! आम्ही दहा डबे उरकेपर्यंत याचा एक,
तोही पोचे पाडून.
बायका पदराआड नव्हे, तोंडावर हसायच्या.
तुझी आजी हसली नाही, बोललीही नाही.
तिसऱ्या दिवशी नुसती आपली सुरी
त्याच्याकडे सरकवली.

हं, म्हणतो मुलगा. लिहितोय.
म्हणजे मुख्य मूल्य कुठलं म्हणू, आई?

त्याच्या ऑफिसात गेले होते मी, गेल्या नाताळात.
भिंतीवर पाच शब्द, हातहातभर उंच,
स्टीलचे, मागून दिवे सोडलेले.
सचोटी दुसरी.
आमच्या भिंतीवर, बाळा, नुसतं घड्याळ होतं.
आणि?
आणि ते बरोबर चालायचं.

भाषणाला एवढं पुरणार नाही, मला कळतं.
मी म्हणते, तुला एक विचारू?
तुझ्या हाताखालची ती पोरं
संध्याकाळी घरी किती वाजता जातात?

बराच वेळ फोनमध्ये
लिस्बनचा रस्ता तेवढा ऐकू येतो,
चढावर कण्हत चाललेली एक ट्राम.
कालवणाला उकळी आली आहे.
मी झाकण उचलते, चमचाभर घेते,
फुंकर घालून आधी स्वतः चाखते.